दहा पावलांवरून

बसा जी, चंद्रशेखरभाऊ. लाइट गेली. आता कॉम्प्रेसर चालत नाही, अन् कॉम्प्रेसर नाही तर रंग नाही. बालाघाटची लाइट म्हणजे रुसलेला जावई, केव्हा येईन सांगता येत नाही. ही चार्जिंगची बत्ती हाये, हिच्या उजेडात चहा पिऊ. तुमच्या पोरीची, समीक्षाची गाडी मी पाह्यली. कंपनीचे इंडिकेटर काढायचे, भोकं बुजवायची, शेपूट गुळगुळीत करायचं, खालून लाइटची बारीक पट्टी लावायची. हौ, समजलं. एका दिवसाचं काम हाये. दुपारी सवयीनं इंडिकेटर सोडवले बी, पण पुढचं मी करत नाही. गोंदिया रोडवर कोणी बी करून देईन तुम्हाले. जाण्याआधी फक्त ऐकून घ्या, मंग जिकडे जायचं तिकडे जा.

मागच्या अंगणाच्या त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गाडी दिसते ना, ती माझ्या लहान भावाची. अंकितची.

अंकित मलाजखंडले ठेकेदाराकडे कामाले होता. शनिवारी घरी यायचा. पोट्ट्याले गाडीचा भलता शौक. जुनी मोटरसायकल घेतली, अन् घेतल्या घेतल्या माझ्या मागे लागला, "दादा, हे गाढवाचे कान काढ ना. पोट्टे हसतात." कान म्हणजे ते इंडिकेटर. मले बी हुरूप आला. अख्ख्या गावाच्या गाड्या मी सजवतो, अन् माझ्या भावाची गाडी अशी फिरावी?

कान काढला का प्लास्टिकात रुपयाएवढं भोक राह्यते. मागून फायबरची जाळी चिकटवायची, समोरून पुट्टी भरायची, सुकली का वॉटर पेपरनं घासायची, मंग प्रायमर, काळा रंग, वरून चकाकीचं लॅकर. मी असं काम केलं भाऊ, का बोट फिरवलं तर भोक कुठं होतं ते मलेच सापडेना. नंबर प्लेटच्या खाली बोटाएवढी पट्टी लावली. आता तीच इंडिकेटर.

माझी एक पद्धत होती. काम झालं का गिऱ्हाइकाले गाडीवर बसवायचं अन् मी दहा पावलं मागं जायचं. तो बटन दाबते, मी सांगतो दिसते का नाही. त्या रविवारी अंकितले बसवलं. सकाळचे अकरा वाजले होते, जानेवारीचं कडक ऊन अंगणात पडलं होतं. आम्रपाली, त्याची बायको, नवीन लुगडं नेसून फाटकाशी उभी होती. लामत्याले तिच्या माहेरी जेवण होतं, उशीर होऊन राह्यला होता. अंकितनं मान न वळवता आवाज दिला,

"दादा, दिसते का?"

मले काही दिसलं नाही भाऊ. लॅकरवर ऊन पडून नुसतं चकाकत होतं. डोळे बारीक केले, हात आडवा धरला. काहीच नाही. पण ते शेपूट इतकं झकास झालं होतं! आता पट्टी बदलायची म्हणजे रंग फोडायचा, पुन्हा सगळं करायचं. म्हणलं, संध्याकाळी वापस आला का पाहू.

"दिसते!" मी म्हणलो. "मस्त दिसते. जा."

लामता यायच्या आधी उजवीकडे एक रस्ता फुटते, तिथं तिचं माहेर. अंकित वळला अन् मागून टिप्पर आला. पोट्टा दवाखान्यापर्यंत बी पोचला नाही. आम्रपालीचा पाय मोडला. टिप्परवाला सगळ्यायले एकच सांगे, "न हाथ दिया, न इंडिकेटर दिया, सीधा मुड गया." दवाखान्यात आम्रपाली शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, "त्यायनं बटन दाबलं होतं. मी आवाज ऐकला. टिक टिक वाजून राह्यलं होतं." कोणी मानलं नाही. डोक्याले मार लागला म्हणे.

अन् माझी माय, कमलाबाई... मायचं दुःख मोठं, पण तोंड बी तिखट. "तुलेच माहेरची घाई," म्हणे. "मागं बसून बडबडत असशीन, पोट्टं गाफील झालं." पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिनं आम्रपालीले फोटोजवळ बसू दिलं नाही. ती कुबडी घेऊन दाराशी उभी. भंतेजी वंदना म्हणून राह्यले होते अन् मी हातात मेणबत्ती धरून उभा. माझ्या एका शब्दानं तिची सुटका होती. तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही जी. मले दुकान दिसलं, उद्या लोकं काय म्हणतीन ते दिसलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला अन् तिले लामत्याले घेऊन गेला.

दोन महिन्यांनी ठाण्यातून गाडी सुटली. पुढचा भाग चेंदामेंदा झालेला, वायरी तुटलेल्या, बॅटरी कोणी काढून नेलेली. शेपटाले मात्र ओरखडा नाही. मी ती मागच्या अंगणात ठेवली अन् वरून ताडपत्री टाकली.

मार्चात एक दिवस आवाज ऐकला. टिक... टिक... टिक. सकाळचे अकरा. मले वाटलं पाल असंन. ताडपत्री उचलली तर काळ्या रंगावर रुपयाएवढा गोल पडलेला, पुट्टी आत खचलेली. बरोब्बर उजव्या कानाच्या जागी. मी वरून पुट्टी भरली, घासली, रंग मारला. दुसऱ्या दिवशी अकराले पुन्हा खचली. पुन्हा भरली. वीस वर्षं हे काम करून राह्यलो, माझी पुट्टी कधी खचली नाही.

तिसऱ्या दिवशी मी आधीच जाऊन उभा राह्यलो. पाय आपसूक मागं गेले. किती, ते मोजायची गरज नव्हती. कडक ऊन होतं. आधी वास आला, ताज्या लॅकरचा, जसा त्या रविवारी होता. मंग मागचा शॉकर दबला. चर्र... गाडीवर कोणी बसल्यावर दबते तसा. अन् काळ्या रंगाच्या आतून, जिथं ना बल्ब ना वायर, तिथं पिवळा उजेड लागला. लागे अन् विझे. भर उन्हात दिसत होता.

"दादा... दिसते का?"

भाऊ, तो आवाज घोगरा असता ना, तर मी पळालो असतो. पण तो खुशीतला होता. माहेरी जेवायले निघालेल्या माणसाचा. तोंडातून निघून गेलं, "दिसते." शॉकर वर आला, उजेड विझला. अंगणात नुसतं ऊन राह्यलं.

मंग रोज. अकरा वाजले का मी जायचो, तो विचारायचा, मी "दिसते" म्हणायचो. घरात कोणाले सांगतलं नाही. जेवण जाईना. एक दिवस, मे महिना होता, मले सहन झालं नाही. मी तिथंच मातीत बसलो.

"अंकित... त्या दिवशी नव्हतं दिसत रे," म्हणलं. "काहीच नव्हतं दिसत."

टिकटिक थांबली. मंग हळूच, पहिल्यांदा त्या आवाजातली खुशी गेलेली...

"मंग दिसते काहून म्हणलं, दादा?"

याले काय उत्तर हाये जी? तुम्ही शिकलेले माणूस, तुम्हीच सांगा.

त्याच दुपारी लामत्याले गेलो. आम्रपाली ओसरीवर गहू निवडत बसली होती. कुबडी भिंतीले टेकलेली. "बसा भाऊजी," म्हणाली. मी सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून. तिनं गव्हातून दोन खडे काढून बाजूले टाकले.

"मले माहीत होतं," म्हणाली. "रस्त्यावर पडले होते तेव्हा जीव होता त्यायचा. एकच बोलले. दादाले तर दिसलं होतं, म्हणे."

"मंग तू काहून नाही सांगतलं कोणाले?"

"तुम्ही सांगसान म्हणून."

संध्याकाळी घरी येऊन मायले सांगतलं. मायनं माझ्याकडे असं पाह्यलं, का मी दारू पिऊन आलो. "तिनं पढवलं तुले," म्हणे. "स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यला तिच्यासाठी." मी शपथा घेतल्या, गाडीपाशी नेलं, पाय धरले. नाही मानलं. या हिवाळ्यात माय गेली, तोवर नाही मानलं. खऱ्याची बी वेळ असते भाऊ. ती टळली का खरं कोणी उधार बी घेत नाही. आम्रपाली मातीले आली होती, दुरूनच पाहून गेली. मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी अंकितच्या गाडीचे जुने कान शोधले, पुट्टी फोडून वापस लावले. तेव्हापासून तो काही विचारत नाही. अंगण चूप हाये. हेच मले जास्त भारी जाते जी. विचारत होता तोवर भाऊ होता.

चहा घ्या, थंड झाला.

...थांबा. कप नका वाजवू.

ऐकलं तुम्ही? नाही, अंकितची गाडी कोपऱ्यात हाये. हा आवाज दाराकडून येऊन राह्यला. दारात तर तुमचीच गाडी हाये, समीक्षाची. चावी? चावी ही पाहा, माझ्या मुठीत. अन् तिचे कान मी दुपारीच सोडवून ठेवले होते, वायरी लोंबकळून राह्यल्या.

बत्ती इकडे द्या. उठू नका. तुम्ही बसले तिथून गाडी दहा पावलं हाये, मी मोजली हाये ती जागा. मागचा शॉकर पाहा... दबला का नाही?

पोरगी घरीच हाये ना भाऊ? चांगली हाये ना? मंग गाडीवर हे कोण बसलं...

"बाबा... दिसते का?"

मी नाही बोलणार जी. ती तुम्हाले विचारून राह्यली.