सात थंड रात्री

काचेच्या नळीतला नमुना अजून पाण्यासारखा पातळ होता. ऋजुता पिंपळशेंडेने नळी आडवी करून प्रकाशात धरली. आतल्या द्रवात पांढरा ठिपकाही नव्हता.

नमुना तिच्या वडिलांच्या घरातला होता. चंद्रपूरच्या या छत-संशोधन केंद्राच्या गच्चीवर अशा सहा हजार घरांच्या नळ्या उघड्या हवेत ठेवलेल्या होत्या, आणि पौष सुरू होऊन पाच दिवस झाले तरी त्यातली एकही पांढरी झाली नव्हती.

खाणी बंद झाल्यावरही खाणकामगारांच्या वसाहती शहरात उरल्या होत्या. उतरत्या पत्र्यांची बैठी घरं, पत्र्याखाली बुटका माळा. त्या माळ्यावर केंद्राची माणसं उष्मसंचयी थर ओतत. लोक त्याला नुसतं 'मेण' म्हणत. तीस अंशांच्या वर ते वितळे आणि वितळताना छपराची उष्णता पिऊन टाकी, त्यामुळे ती खोलीत उतरत नसे. रात्री तीसच्या खाली ते पुन्हा गोठे आणि प्यायलेली उष्णता पत्र्यावाटे बाहेर सोडी. वीज लागत नव्हती, पाणी लागत नव्हतं. फक्त ओतल्यानंतर एकदा त्यात बीजस्फटिक धरावे लागत, आणि त्यासाठी सलग सात रात्री पारा चौदाच्या खाली हवा होता. बीज धरलं नाही तर मेण पातळच राही, आणि पातळ मेण काही कामाचं नव्हतं.

म्हणजे माळ्याच्या कामाला वर्षातला उत्तम काळ पौष, हे केंद्राला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण गेल्या वर्षी नोंदणीच्या अर्जात महिना निवडायची मुभा दिली आणि पौषाच्या रकान्यात एकही खूण आली नाही. पौषात घराच्या कामाला हात लावायचा नसतो. अकरा हजार घरांनी मार्गशीर्षातच उरकून घेतलं. उरलेल्या सहा हजारांनी माघ निवडला, आणि माघात थंडी संपली होती, म्हणून त्यांचं ओतणं यंदावर गेलं. तिचे वडील दौलतराव त्या सहा हजारांत होते.

"यंदा सगळ्यांचं वेळेत ओतलं, मॅडम. आभाळही निरभ्र आहे," ऋजुता म्हणाली. "शहराबाहेरच्या केंद्रावर पहाटे अकरा अंश होते. शहरात पंधरा पूर्णांक आठ."

"शहर बाहेरच्यापेक्षा गरम असतंच." डॉ. प्रमिला गेडाम केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दोन अंशांनी असतं. पाच अंशांनी नाही. हे बघा."

तिने पडद्यावर दोन वर्षांपूर्वीचा आणि यंदाचा आलेख एकावर एक ठेवला. रात्री अकरापर्यंत दोन्ही रेषा जवळजवळ बरोबर उतरत होत्या. पुढे जुनी रेषा उतरत राहिली होती. नवी सूर्योदयापर्यंत सपाट.

गेडाम मॅडमनी दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं.

"उष्णता वाढलेली नाही," त्या म्हणाल्या. "तिची वेळ बदललीय. पूर्वी पत्रे संध्याकाळी दोन तासांत निवायचे. आता अकरा हजार छपरं तीच उष्णता पहाटेपर्यंत पुरवून पुरवून सोडतात."

"म्हणजे ज्यांचं बीज धरलं, त्यांच्यामुळे बाकीच्यांचं धरत नाही?"

"आपल्या गणितात एक घर होतं, ऋजुता. शहर नव्हतं."

दुपारी ती वसाहतीत गेली. दौलतराव अंगणात उन्हाला पाठ देऊन बसले होते. गेल्या मे महिन्यात दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. या हृदयाला या घरातला आणखी एक उन्हाळा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मेण धरलं नाही तर फाल्गुनात घर सोडून मुलाकडे, हर्षलकडे, नाशिकला जायचं, असं ठरलं होतं.

"आली का शास्त्रज्ञीण? जमलं का तुमचं मेण?"

"नाही जमलं, बाबा."

"मंग मी त्या हर्षलच्या सातव्या मजल्यावर दिवसभर काय करू? लिफ्टचे बटन दाबू?"

तिने सगळं समजावून सांगितलं. दौलतराव खाणीत सर्वेअर होते, त्यांना आलेख काढून दाखवावा लागला नाही. त्यांनी भिंतीपलीकडच्या घराकडे पाहिलं. शेजारी सुदाम बावणे मुलीला कडेवर घेऊन उभा होता.

"म्हणजे याचं छप्पर रातभर माह्या घरावर फुंकते?"

"काका, मले काय मालूम बाप्पा!"

"तुले नाही म्हणत बे. तुह्या छपराले म्हणतो." मग ऋजुताकडे वळून, "याले उपाय?"

"बीज धरलेल्या छपरांवर दहा दिवस ऊन पडू द्यायचं नाही. हिवाळ्यात ती फक्त उन्हानं तापतात. मेण वितळलंच नाही, तर रात्री सोडायला काही उरणार नाही. पण किमान चार हजार घरं लागतील."

"जाळ्या आहेत न सगळ्याइकडे," सुदाम म्हणाला.

खरंच होतं. उन्हाळ्यात अंगणावर ताणायची हिरवी जाळी चंद्रपुरात घरोघरी असते, आणि दिवाळीपासून ती गुंडाळून पडलेली असते. सुदामने मुलगी दौलतरावांच्या मांडीवर दिली आणि शिडी आणायला गेला. तीन दिवसांत साडेचार हजार छपरं हिरवी झाली. ऋजुताने इतक्या घरांना फोनही केले नव्हते. लोक एकमेकांना सांगत गेले. ज्यांना स्वतःसाठी काहीच नको होतं ते छपरावर चढले.

चौथ्या सकाळी पारा तेरा पूर्णांक सहा होता. मग तेरा पूर्णांक दोन. दौलतराव रोज सकाळी फोन करून आकडा सांगत, जणू तिला तो माहीतच नव्हता. सातव्या रात्रीनंतर सकाळी केंद्रातल्या नळ्या एकामागून एक पांढऱ्या पडत गेल्या. कुणीतरी पेढे आणले. दौलतरावांनी हर्षलला फोन करून सांगून टाकलं की नाशिक रद्द.

त्याच दुपारी गेडाम मॅडमनी ऋजुताला खोलीत बोलावलं. त्यांचा पेढा कागदावर तसाच होता.

"मी शहराचं गणित मांडलं, सतरा हजार छपरांचं. मे महिन्यापर्यंत नेलं."

ऋजुताने आकडा पाहिला. अकरा हजार छपरं असती, तर मेमध्ये पहाटेचं तापमान एकोणतीस पूर्णांक दोन. सतरा हजारांना तीस पूर्णांक सहा.

"तीसच्या खाली जात नाही," ती म्हणाली.

"म्हणजे रात्री गोठणार नाही. कुणाचंच. आणि न गोठलेलं मेण दुसऱ्या दिवशी काही पिऊ शकत नाही. डोक्यावर नुसता गरम द्रव राहील, रात्रंदिवस."

"पुन्हा जाळ्या लावू."

"मे महिन्यात हवाच सत्तेचाळीस असते. सावलीतही वितळतं."

"मग काढून टाकायचं?"

"साठ अंशांवर तापवलं की बीज मोडतं. साधी शेगडी चालेल." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किमान तीन हजार घरांत मोडायला हवं. कोणत्या, ते गणित सांगत नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत ती वडिलांकडे पोचली. दौलतराव माळ्याच्या झडपेखाली स्टुलावर उभे राहून बॅटरीने पांढरा थर बघत होते. तिने त्यांना आधी खाली उतरवलं, मग सांगितलं. पलीकडे सुदाम जाळी सोडवून घडी घालत होता. त्याची मुलगी दोऱ्या ओढत होती.

दौलतरावांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"मी माह्यं एकट्याचं मोडलं, तर मे महिन्यात किती फरक पडते?"

तिने मनात भागाकार केला. "दशांश चिन्हानंतर तीन शून्यं, मग दोन."

"म्हणजे नाहीच."

"हाव बाबा. एका घरानं काहीच होत नाही."

त्यांनी वर झडपेकडे पाहिलं आणि बॅटरी विझवली.

"मंग माह्यं राहू दे," ते म्हणाले.

ऋजुताने त्या वाक्यात चूक शोधून पाहिली. तिला ती सापडली नाही, आणि सतरा हजार घरांत कुणालाही सापडणार नव्हती.