मिरी, देवदार आणि ‘तो’

तिसऱ्या मजल्याचं दार धाडकन उघडलं आणि पांढरा एप्रन घातलेला, हातात मोठा चमचा घेतलेला एक उंच माणूस नाक वर करून जिन्यात येऊन उभा राहिला.

“आत्ता इथून कोण गेला?”

ती त्याच्या दोन पायऱ्या वर होती. लिफ्ट कालपासून बंद होती, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या आपल्या टेबलापर्यंत पायपीट करण्यावाचून इलाज नव्हता. धाप आवरत ती म्हणाली, “मी गेले... म्हणजे, अजून जातेच आहे.”

“तुम्ही नाही हो. पुरुष. एखादा पुरुष गेला असणार.” त्याने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं, मान उलटी करून वर पाहिलं. “आत चाळीस कप मांडलेत मी. चाळीस! आणि एकूण एक चहाला मिरीचा वास. कालही याच वेळेला हेच. काल तर मला वाटलं, माझं नाकच गेलं कामातून!”

म्हणजे हाच तो, तिच्या लक्षात आलं. चहाच्या त्या कंपनीत ती पाच महिन्यांपूर्वी लागली होती. पाकिटांवरचा मजकूर लिहायचं काम तिचं. तिसऱ्या मजल्यावर चहाची पारख करणारा एक माणूस बसतो, त्याचं नाक इतकं तिखट की सगळे त्याला ‘नाकसाहेब’ म्हणतात, एवढं तिने ऐकलं होतं. नाकसाहेब म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे कोणीतरी पिकल्या मिशांचा गृहस्थ आला होता. हा तर पस्तिशीचाही नसेल. आणि नाकही तसं काही फार मोठं नव्हतं... सरळ होतं, चांगलं होतं.

तो एक पायरी वर चढला. दुसरी चढता चढता थांबला. त्याच्या नाकाला जे कळलं ते त्याला कळायला क्षणभर उशीर झाला, आणि मग त्याचे कान लाल झाले.

“अच्छा... माफ करा हं. माझ्या लक्षात नाही आलं.”

“काय लक्षात नाही आलं?”

“काही नाही. म्हणजे – तुमच्या मिस्टरांना एवढं सांगाल का, की जरा कमी...”

“मला मिस्टर नाहीत.”

“मग जे कोणी असतील त्यांना,” तो घाईघाईने म्हणाला.

खरं म्हणजे इथेच तिने सांगून टाकायला हवं होतं. बाई गं, सांग ना – हा वास कोणाकडून लागलेला नाही, माझाच आहे, बाटली या पर्समध्ये आहे. भाऊजींच्या वाढदिवसासाठी म्हणून पुरुषांच्या काउंटरवर तिने तो सेंट घेतला होता. वास कसा आहे बघायला मनगटावर फवारला, आणि घरी पोचेपर्यंत नाक मनगटाला चिकटलेलंच. भाऊजींना शेवटी पट्टा मिळाला.

पण त्या सेंटपायी एकदा ऐकून घ्यावं लागलं होतं. मावशीने लग्नासाठी सुचवलेला एक दंतवैद्य होता. पाचव्या भेटीत त्याने नाक मुरडलं होतं. “बायकांनी कसं, फुलासारखं दरवळावं. हा पुरुषी वास तुला शोभत नाही.” तिने सेंट सोडला नाही, दंतवैद्य सोडला. वाक्य मात्र दातात अडकलेल्या तिळासारखं अडकून बसलं ते बसलंच.

म्हणून ती एवढंच म्हणाली, “सांगते त्याला.”

“अरे-तुरे करता? म्हणजे जवळचे दिसतात.”

“खूपच जवळचा,” ती म्हणाली, आणि वर निघून गेली. त्यात खोटं काहीच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तिने दोनाऐवजी एकच फवारा मारला. तिसऱ्या मजल्यावर दार आधीच किलकिलं होतं.

“ऐकलं वाटतं त्यांनी,” फटीतून आवाज आला. “आज निम्माच आहे.”

“शहाणा आहे तो. सांगितलेलं ऐकतो.”

“थँक्यू म्हणा माझ्यातर्फे.” फट थोडी रुंद झाली. “आणि... एक सांगू का? कामात अडथळा येतो म्हणून तक्रार केली मी. वास वाईट आहे म्हणून नाही. उलट –”

“उलट?”

तो जिन्यात आला, दार पाठीने लोटून घट्ट बंद केलं आणि डोळे मिटले. “आधी मिरी येते. काळी, ताजी कुटलेली, थेट नाकात जाणारी. ती जरा बसली की वेलची. तिच्यामागे किंचित जायफळ, पण ते बघणाऱ्यालाच दिसेल. आणि तळाला लाकूड. देवदार. नुकतं रंधा मारलेलं, अजून ऊब असलेलं.” त्याने डोळे उघडले. “छान निवड आहे. खोलीत शिरल्या शिरल्या सगळ्यांच्या माना वळाव्यात म्हणून लोक लावतात ना, तसा नाही हा. हा माणूस निघून गेल्यावर आठवतो.”

तिचं कामच शब्दांचं, पण चार वर्षं हा वास अंगाखांद्यावर वागवून तिला जे सांगता आलं नव्हतं ते या माणसाने डोळे मिटून वाचून दाखवलं होतं. तिला वाटलं, कोणीतरी आपलाच एक फोटो काढलाय – न सांगता, आणि तो चांगला आलाय.

“कसा माणूस असेल, सांगू?” तो म्हणाला. “शांत. कोणाला दाखवायला काही न करणारा. थोडा हट्टी.”

“थोडा?” ती हसली. “भलताच हट्टी आहे. सकाळी उठल्यावर तासभर कोणाशी बोलत नाही. भांडी घासताना गातो, तेही बेसूर.”

“भांडी घासतो?” नाकसाहेबांचा चेहरा पडला. “मग काय बोलायचं. भाग्यवान आहात.”

लिफ्ट नऊ दिवसांनी सुरू झाली. ती मात्र जिन्यानेच जात राहिली. व्यायाम होतो, असं तिने घरी सांगितलं. ती ताईकडे राहायची. ताई शाळेत गणित शिकवायची आणि असल्या उत्तरांना अर्धा गुणही देत नसे.

“वजन कमी करणारी बाई सकाळी तीनदा ओढणी बदलत नाही,” ताई म्हणाली. “कोण आहे?”

मग तिने सगळं सांगितलं. ताईने आधी डोळे मोठे केले, मग ती इतकी हसली की भाऊजी आतून बघायला आले.

“अगं, पण तो त्या ‘त्या’चं कौतुक करतो! माझं नाही,” ती रडकुंडीला आली होती. “रोज विचारतो, आज कसे आहेत ते? आज मिरी जास्त लागली, खुशीत दिसतात. मी समोर उभी असते गं!”

“म्हणजे स्वतःच स्वतःची सवत झालीस की!” ताई डोळे पुसत म्हणाली. मग गंभीर झाली. “थट्टा पुरे. त्या बिचाऱ्याला वाटतंय तुझं कुठेतरी जुळलंय. सभ्य माणूस असेल तर तो तुझ्याकडे बघणारच नाही. आणि सभ्य नसेल तर तुलाच नको. दोन्हीकडून उत्तर शून्य. सांगून टाक.”

सांगायचं ठरलं. सोमवारी सांगायचं, मंगळवारी सांगायचं... बुधवारी तिला कामासाठीच तिसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं. नव्या चहाच्या पाकिटावर काय लिहायचं ते चव घेऊन ठरवायचं होतं. त्या दिवशी ती काहीही न लावता गेली. आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिला वाटलं, आपण एखादा दागिना नाही, आवाजच घरी ठेवून निघालोय.

लांब टेबल, उत्तरेकडची मोठी खिडकी, पांढऱ्या कपांच्या रांगा, चाखलेला चहा थुंकायला चाकांवरची पिकदाणी. तो तिला बघून हसला, आणि दुसऱ्याच श्वासाला त्याचं हसू थांबलं.

“आज...” तो जरा घुटमळला. “भांडण झालं का?”

“कोणाशी?”

“विचारायला नको होतं. सॉरी.” त्याने तिच्या हातात चमचा दिला. “हे बघा, हळू प्यायचं नाही. जोरात ओढायचं. जितका आवाज मोठा तितकी चव कळते.”

त्याने सुर्रकन असा आवाज काढला की ती दचकली. मग तिने ओढला, तो थेट घशात गेला आणि ठसका लागला. त्याने पाठीवर थोपटायला हात उचलला, तो हवेतच थांबवला आणि त्याऐवजी पाण्याचा पेला पुढे केला. तो थांबलेला हात तिने पाहिला. ठसक्यापेक्षा त्यानेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अकराव्या कपाशी तो म्हणाला, “हे पाकीट छापून येईल तेव्हा मी इथे नसेन. डोंगरावरच्या मळ्यात चाललोय. तीन महिने.”

“अचानक?”

“कोणीतरी जायलाच हवं होतं. मी हात वर केला.” तो कपाकडे बघत होता. “खरं सांगू? सकाळी नऊ-वीसला माझं लक्ष चहात नसतं. दारात असतं. पहिले काही दिवस वाटलं, वासामुळे असेल. पण आज वास नाहीये आणि तरी... हे बरोबर नाही. दुसऱ्याच्या माणसाची वाट बघू नये.”

तिने चमचा खाली ठेवला.

“तो मीच आहे.”

“कोण?”

“तो. हट्टी, भांडी घासणारा, बेसूर गाणारा. दुसरं कोणीच नाही. कधी नव्हतंच.”

त्याला काहीच कळलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. ती उठली. “इथे नको, तुमचे कप नासतील. गच्चीवर चला. आत्ता!”

जाता जाता तिने चौथ्या मजल्यावर आपल्या टेबलावरची पर्स उचलली. गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, वारा होता, दोन कबुतरं होती. तिने बाटली काढली, मनगटावर एक फवारा मारला आणि हात पुढे केला.

तो तिचं मनगट धरून वाकला. मनगटाला त्याच्या श्वासाची ऊब लागली आणि तिने नजर टाक्यांकडे वळवली.

“मिरी,” तो अगदी हळू म्हणाला. बराच वेळ तसाच राहिला. “म्हणजे मी तीन आठवडे जिचं कौतुक करत होतो...”

“माझं.”

“मी त्याचा हेवा करत होतो, माहितीये? मनातल्या मनात त्या माणसाला शिव्यासुद्धा दिल्या.”

“मीपण,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुम्ही माझ्याशी बोलायला नाही, त्याची खबर घ्यायला दार उघडता.”

तो हसला, पण लगेच त्याच्या भुवया जवळ आल्या. “मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी जवळजवळ निघून गेलो होतो.”

तिने दंतवैद्याचं ते वाक्य सांगितलं. सांगताना हसायचं असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

“शोभत नाही?” त्याने तिचं मनगट अजून सोडलेलं नव्हतं. “त्यांना दातातलं कळत असेल. नाकातलं काही कळत नाही. अहो, हा वास त्या बाटलीत अर्धाच आहे. उरलेला तुम्ही आहात.”

कबुतरं उडाली. तिने मनगट त्याच्या हातात तसंच राहू दिलं.

मळ्यावर जायचा शब्द त्याने दिलेला होता, तो मोडण्यातला नव्हता. पुढच्या गुरुवारी सकाळी निघायचं होतं. मधला एक रविवार हातात होता. त्या दुपारी तो ताईच्या घरी आला. ताईने त्याला नखशिखांत पाहिलं, चहा ठेवला, आणि भाऊजींना म्हणाली, “चला, आपल्याला खिळे आणायचेत.” “कसले खिळे?” भाऊजींनी विचारलं. दार बंद झाल्यावरही जिन्यात तोच प्रश्न ऐकू येत होता.

“तुम्ही स्वतः कधी काही लावत नाही?” गॅलरीत बसल्यावर तिने विचारलं.

“नऊ वर्षं नाही. साबणसुद्धा बिनवासाचा.”

“मग आज कप मांडायचेत का?”

“आज नाही.”

तिने त्याची बाही एक घडी वर सरकवली आणि त्याच्या मनगटावर फवारा मारला. मग वाट पाहिली, आणि वाकून वास घेतला. तोच सेंट होता आणि तो नव्हताही. त्याच्या अंगावर मिरी आली तशी लाजून मागे सरली. वेलची जेमतेम जाणवली. लाकूड मात्र लवकर वर आलं, गडद, कोरडं. उन्हात तापलेल्या सागवानी दारावर गाल टेकावा तसं. शब्द एकामागून एक आपणहून येत होते आणि ती ते मोठ्याने बोलत होती, तिच्या लक्षातही न येता. तो श्वास रोखून ऐकत होता. आजवर त्याने हजारो चहांबद्दल सांगितलं होतं. त्याच्याबद्दल असं कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“आणि मागे काय उरेल?” त्याने विचारलं.

“ते कळायला संध्याकाळ होईल.”

“मग संध्याकाळपर्यंत हात तुमच्याकडेच राहू दे.”

“‘तुमच्याकडे’ काय?” ती म्हणाली. हात तिने घट्ट धरून ठेवला होता. “तीन महिने जातोयस. निदान ‘तुझ्याकडे’ तरी म्हण.”

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

“तुझ्याकडे,” तो म्हणाला.