गुरुवारची ऑर्डर

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये दुपारी दोनला चिटपाखरू नसतं. त्या दिवशीही दुकानाचे मालक, म्हणजे शगुफ्ताचे मामू, नमाजला आणि तिथून परस्पर जेवायला गेले होते, बाहेर पाऊस उगीचच रिमझिमत होता आणि शगुफ्ता काउंटरमागे बसून जांभया देत होती. तेवढ्यात एक मोटरसायकल दारात थांबली. हेल्मेट निघालं... आणि जांभई अर्ध्यावरच राहिली. दिसायला बरा होता, खोटं कशाला बोला!

"खोकल्याच्या गोळ्या हायत?"

"आहेत. चघळायच्या?"

"हां... त्याच. दहा द्या."

तिने दिल्या, तरी तो हलेना. त्याने बामच्या जाहिराती वाचल्या, पावडरीचे डबे वाचले, मागे वळून रस्ता पाहिला. मग शर्टाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद निघाला.

"आणि जरा... हे पण."

शगुफ्ताने कागद उघडला आणि पटकन काउंटरखाली धरला. वर महाडच्या डॉक्टर मॅडमचं नाव होतं. या मॅडम मनाच्या डॉक्टर, आणि त्यांच्या नावाचा असाच कागद शगुफ्ताच्या स्वतःच्या पर्समध्ये, चेनच्या कप्प्यात दडवलेला होता. खाली लिहिलं होतं – अनस, वय सत्तावीस, राहणार महाड.

महाडात मेडिकलची दुकानं काय कमी आहेत? पण तिथे प्रत्येक काउंटरवर ओळखीचा कुणीतरी असणार. म्हणून महाडचा पोरगा गोळ्या घ्यायला पोलादपूरला येतो, आणि पोलादपूरची पोरगी डॉक्टर गाठायला महाडला जाते! तिला हसू आलं. ते दाबत तिने गोळ्या काढल्या, कागदाशी ताडून पाहिल्या, पुन्हा ताडल्या, तिसऱ्यांदा ताडल्या.

"बघून घ्या," ती म्हणाली.

"तुम्ही बघितलंत ना? मग झालं," म्हणत त्याने पाकीट न बघताच खिशात टाकलं.

त्याला काय ठाऊक, तो किती मोठी गोष्ट बोलून गेला होता ते.

चार महिन्यांपूर्वी एका म्हातारीला गोळ्यांची चुकीची पट्टी देताना शगुफ्ता थोडक्यात वाचली होती. पट्टी म्हातारीच्या पिशवीत पडायच्या आत तिच्या लक्षात आलं. कुणाला काही झालं नाही, कुणाला कळलंही नाही. पण तेव्हापासून तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. दुकान बंद करून घरी पोहोचायची आणि पुन्हा परत येऊन शटर उघडायची. जेवताना घास हातातच राहायचा – सकाळी त्या माणसाला काय दिलं आपण? शेवटी तिने मॅडमचा जिना चढला. मामूंना सांगितलं, दर गुरुवारी महाडला औषधांच्या घाऊक स्टॉकिस्टकडे ऑर्डर द्यायला जाते.

खरं सांगायची सोयच नव्हती. अब्बा गेल्यावर मामूंनीच तिला शिकवलं, काउंटर तिच्या हाती दिला. डोक्याचे उपचार चालू असलेल्या पोरीच्या हातून औषध कोण घेईल? मामूच तिला काउंटरवरून उठवतील, याची तिला खात्री होती. आणि तो काउंटर म्हणजे तिचं सगळं होतं.

अनस दर पंधरा दिवसांनी येऊ लागला. दोन वाजता. आधी खोकल्याच्या गोळ्या, मग कागद.

"तुमचा खोकला मोठा शिस्तीचा आहे हो," एकदा ती म्हणालीच. "दोन महिने झाले, गोळ्या नेताय, पण एकदाही खोकला नाहीत."

तो दचकला. मग घसा खाकरून इतकं वाईट खोकला की तिला हसू आवरेना. तोही हसला. त्या दिवसापासून खोकल्याच्या गोळ्या बंद झाल्या आणि गप्पा सुरू झाल्या.

मॅडमच्या जिन्यावर मात्र तिची चोरी पकडली गेली. तो सकाळी जायचा म्हणून ती मुद्दाम दुपारी जायची, पण एका गुरुवारी त्याला उशीर झाला. ती उतरत होती, तो चढत होता. जिना अरुंद. ओढणी तोंडावर घेऊन काही उपयोग नव्हता.

"तुम्ही... इथे औषधं पोचवायला?" त्याने वाट काढून दिली. खोटं बोलायला केवढी छान वाट होती ती!

पण तिच्या तोंडून "नाही" निघून गेलं. "मीसुद्धा... तुमच्यासारखीच."

खाली येऊन दोघांनी टपरीवर चहा घेतला. त्याने सांगितलं – शारजात ट्रेलर चालवायचा. एके दिवशी पुलावर छाती आवळली, श्वास मिळेना, मरतोय असं वाटलं. मग रोजच वाटायला लागलं. परत आला. "अम्मीने सगळ्यांना सांगितलं, व्हिसाची भानगड झाली म्हणून."

तिनेही सांगितलं, अगदी पट्टीपासून शटरपर्यंत. आणि वाट बघत राहिली, आता तो दुसरं दुकान शोधेल म्हणून.

पुढच्या खेपेला तो आला, पाकीट घेतलं, न बघता खिशात टाकलं.

"अहो, आता तरी बघा!"

"तीन वेळा बघणारी माणसं सगळ्या रायगडात किती मिळतील?" तो म्हणाला. शगुफ्ताला त्या क्षणी तो इतका आवडला की तिने पटकन मागे वळून उगीचच सलाईनच्या बाटल्या सारख्या केल्या.

मग एका पंधरवड्याला तो आला नाही. बिलावर नंबर होता, पण गिऱ्हाइकाला असा फोन कसा करायचा? तिने तीनदा नंबर लावला, तीनदा कापला.

तो आला गुरुवारी, भलत्याच वेळी. मामू दुकानात होते. शगुफ्ता पर्स घेऊन साडेतीनच्या गाडीसाठी निघतच होती. त्याचे डोळे खोल गेलेले, हेल्मेट धरलेला हात थरथरतोय.

"झोपेच्या गोळ्या द्या. एकच पट्टी."

"चिठ्ठी?"

"नाय." त्याने मान खाली घातली. "व्हिसा आलाय परत. अम्मी म्हणली, बरा झालास, गोळ्या कशाला खातोस? मी सगळ्या बंद केल्या. सोळा दिवस झाले. आता डोळ्याला डोळा नाय लागत, शगुफ्ता."

मामूंनी तिच्याकडे पाहिलं. हा पोरगा तिला नावाने हाक मारतोय, हे त्यांनी बरोबर टिपलं. तरी म्हणाले, "दे गो एक पट्टी. हाल होतायत त्याचे."

"नाही देणार."

"मी दुसरीकडे बघतो," अनस वळला.

तो खरंच दुसरीकडे गेला असता, आणि कुणीतरी दिल्याही असत्या. त्याला थांबवायला शगुफ्ताकडे एकच गोष्ट होती, आणि ती तिने इतके महिने जिवापाड जपली होती.

"थांबा!" ती म्हणाली. "मामू, मी गुरुवारी ऑर्डर द्यायला जात नाही. मनाच्या डॉक्टरकडे जाते. मला भीती वाटते, माझ्या हातून कुणाला चुकीचं औषध जाईल म्हणून. पुष्कळ बरी झालेय, पण अजून जाते. अनसच्या आणि माझ्या डॉक्टर एकच. आज त्यांचा वार आहे. आणि... मी यांना घेऊन जाणार आहे."

 मामूंनी गल्ल्याचा खण लोटून बंद केला.

"स्टॉकिस्टचा माणूस मला दर महिन्याला भेटतो," ते म्हणाले. "तू तिकडं जात नाय, हे मला कधीचं ठाऊक हाय. मला वाटलं, कोणीतरी पोरगा असंल."

अनस जमिनीकडे बघत उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात वरच्या वाडीतल्या बनुबाई चिठ्ठी नाचवत पायरी चढल्या. "भाव, माज्या बीपीच्या गोळ्या!" मामूंचा हात सवयीने पुढे गेला... आणि त्यांनी तो मागे घेतला.

"शगू, बनुबायचं बघ. मग जा."

तिचे डोळे भरून आले. दिसेनासं होण्याआधी तिने चिठ्ठी नीट वाचली, गोळ्या काढल्या, ताडल्या आणि बनुबाईंच्या हातात ठेवल्या. मामूंनी अनसपुढे तळहात धरला. "चावी दे मोटरसायकलची. असा थरथरत चालवू नको, एसटीने जा."

गाडीत दोघं शेजारी बसली. 

"गोळ्या परत चालू केल्या तर शारजाचं काम जमंल का मला?"

"ते त्यांनाच विचारू. गोळ्या घेऊनही माणसं कामाला जातात. मी नाही का जात?"

मग खिडकीकडे तोंड करून त्याने विचारलं, "मामूंना वाटलं होतं ते... चुकीचं होतं का?"

"तेव्हा चुकीचं होतं."

"आणि आता?"

"आता..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आता बरोबर आहे."

त्याने सीटवरचा तिचा हात हातात घेतला. थरथर अजून होती. तिने ती आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवली, थेट महाड येईपर्यंत.

मॅडमच्या दवाखान्यात बाहेर बसणारी शर्मिला रजिस्टर उघडून दोघांकडे आलटून पालटून बघू लागली.

"पेशंट कोण?"

"मी," दोघंही एकदमच म्हणाली.

शर्मिलाने पेन थांबवलं. "बरं. मग सोबत कोण आलंय?"

शगुफ्ताने अनसकडे पाहिलं. कित्येक रात्री नीट न झोपलेल्या त्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत होतं.

"मी," दोघं पुन्हा एकदमच म्हणाली.