मिश्रीचं बोट

दिपेशचं लग्न झालं ते २०२२ साल. आंबिवली स्टेशनवरून काळू नदीकडे जाताना जिथं पूर्वी राघोचं भाताचं खळं होतं, तिथंच वैशाखात मांडव पडला. खळ्याच्या जागी आता सोसायटीचं आवार होतं आणि जुन्या घराच्या जागी सात मजली बिल्डिंग. जमीन राघोची, म्हणून बिल्डरने त्याला सगळ्यात वर दोन घरं जोडून दिली होती. राघो आणि त्याची बायको ठमाबाई लिफ्टने वर-खाली करायला शिकले होते. अंगण तेवढं गेलं. राघोची आई ज्या चुलीपुढे बसायची ती जागा खाली पार्किंगच्या दोन खांबांमध्ये आली होती, आणि तिथं दिपेश आपली मोटारसायकल लावायचा.

राघोच्या घरची एक रीत होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने नव्या सुनेला समोर बसवायचं, पितळेच्या डबीतली चिमूटभर मिश्री आपल्या बोटावर घ्यायची आणि सुनेच्या हिरड्यांवरून फिरवायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून चुरलेली ती पूड. ती लावली की डोकं हलकं होतं आणि भूक मरते. शेतावर दिवसभर वाकणाऱ्या बाईला दोन्ही हवंच असायचं. ठमाबाईला पहिलं बोट राघोच्या आईने असंच लावलं होतं. नवी नवरी भडाभडा ओकली, तेव्हा आई हसत हसत तिचं तोंड पदराने पुसून म्हणाली होती, "आता तू या घरची झालीस गो."

नव्या सुनेने, कृतिकाने, मात्र हात जोडले. ती कल्याणला शाळेत शिकवायची.

"आई, तुमच्या पाया पडते, पण हे नको."

ठमाबाईने उघडी डबी मिटली. मग हसली.

"नको तर नको. माझी चिमूट वाचली."

रीत मोडली ती त्या सकाळी. घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. राघोला तर बरंच वाटलं. त्याची आई जबड्याच्या कॅन्सरने गेली होती, आणि ते शेवटचे महिने त्याने बघितले होते.

दिवाळीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये डॉक्टर आले. ठाण्याची कुठलीशी संस्था कसारा लाइनच्या गावांत बायकांचा अभ्यास करत होती. मिश्री लावणाऱ्यांच्या तोंडाचं पुढे काय होतं, रक्तदाब किती चढतो, हृदयावर काय परिणाम होतो, असं सगळं. तुलनेसाठी त्याच घरातली मिश्री न लावणारी बाईही त्यांना हवी होती. कृतिका आपण होऊन पुढे झाली आणि सासूलाही ओढून घेऊन गेली.

तपासायला आलेल्या देवयानी डॉक्टरांचा दवाखाना नौपाड्यात होता. केस पांढरे, बोलणं मऊ. त्यांच्या मदतीला विनिता नावाची बाई होती.

"आजी, तंबाखू खाता?" विनिताने विचारलं.

"खात नाय वो. दात घासते."

"दिवसातून किती वेळा घासता?"

"जेवढ्या येला जीव कंटालतो तेवढ्या येला."

हॉलमधल्या बायका खदाखदा हसल्या. देवयानी डॉक्टरही हसल्या आणि हसता हसता त्यांनी टॉर्च लावला. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तोंड किती उघडतं ते बघायला ठमाबाईची स्वतःची तीन बोटं उभी तिच्या तोंडात घालायला लावली. जेमतेम गेली.

"हा अजून कॅन्सर नाही," डॉक्टर सोबत आलेल्या राघोकडे बघून म्हणाल्या. "मिश्री सुटली तर बहुतेक होणारही नाही. पण सुटली पाहिजे."

ठमाबाईने सोडली. पहिले दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, भांडी आपटायची, बडीशेपेच्या पुड्या संपायच्या. पितळेची डबी तिने राघोच्या हातात दिली.

"तुमच्या आयशीची हाय. माज्या नजरंसमोर नको."

राघोने ती चिंचेने घासून लख्ख केली आणि माळ्यावर तांब्या-घंगाळांच्या मागे ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दोघं गॅलरीत बसली होती. ठमाबाईने नाक वर केलं.

"कोन भाजतंय?"

"काय?"

"मिश्री. कोन भाजतंय?"

राघोला कसलाच वास येत नव्हता. मिश्री भाजताना सगळं घर खोकून हैराण होतं, तो वास लपत नाही. बिल्डिंगमध्ये सगळे बाहेरून आलेले लोक. कोण कशाला मिश्री भाजणार?

"तुला तलप आली असंल," तो म्हणाला.

"तलप आन् वास मना कलत नाय का?"

तिचं समाधान करायला तो खाली उतरला. पार्किंगमध्ये अंधारलेलं आणि गार होतं. दिपेश कामावर गेला होता, त्यामुळे दोन खांबांमधली जागा मोकळी होती. राघो सहज वाकला आणि फरशीला हात लावला.

फरशी गरम होती. चूल विझवून थोडा वेळ झाला की जमीन जशी असते, तशी.

वर जाऊन तो म्हणाला, "कोन नाय."

त्या वर्षाच्या शेवटी पुन्हा तपासणी झाली. ठमाबाईचा चट्टा आक्रसला होता. थुंकी तपासली की तंबाखूचा अंश कळतो, तो तिच्या थुंकीत नावालाही नव्हता. विनिताने तिला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ठमाबाई नव्या नवरीसारखी लाजली. राघोने तिला इतक्या वर्षांत असं लाजताना पाहिलं नव्हतं.

कृतिकाचा निकाल मात्र तिथं सांगितला नाही. देवयानी डॉक्टर रविवारी दुपारी विनिताला घेऊन स्वतः घरी आल्या. कृतिकाला दिवस गेले होते, त्यामुळे त्यांनी आधी तिचा रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग हळूच म्हणाल्या, "कृतिका, कधीपासून लावतेस?"

"काय?"

"तुझ्या थुंकीत तंबाखू आहे. वर्षानुवर्षं लावणाऱ्या बाईइतकी. आमच्याकडून नमुना बदलला गेला असेल म्हणून परत तपासून घेतला. तोच निकाल."

कृतिकाने पोटावर हात ठेवला. "बाळाची शपथ. मी हातसुद्धा लावला नाही."

"अगं, लपवायचं काय त्यात?" दिपेश वैतागला. "मशीन खोटं बोलतंय का?"

"तू गप रे," ठमाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी कृतिकाला खिडकीशी बसवलं आणि टॉर्च लावला. मग विनिताला जवळ बोलावलं. मागून राघोनेही बघितलं.

कृतिकाच्या वरच्या हिरडीवर एक काळी रेघ होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत नेलेली, शेवटाला पुसट होत गेलेली.

"माणूस स्वतः लावतं तेव्हा मधून सुरू करून दोन्हीकडे घासतं," विनिता म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "हे समोर बसून दुसऱ्याने लावल्यासारखं आहे, मॅडम."

डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने रेघ पुसली. बोळा काळा झाला. आणि त्या बोळ्याचा वास राघोला आला. नुसत्या मिश्रीचा नव्हता तो. त्यात चुलीतल्या ओल्या लाकडाचा धूर होता, भाताच्या तुसाचा वास होता, आणि कपाळावर घाम आलेल्या त्याच्या आईचा वास होता.

त्याने ठमाबाईकडे पाहिलं. ती आधीपासून त्याच्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी पोरं कामावर गेल्यावर ती म्हणाली, "डबी काढा."

"ठमे, नको."

"मी मधीच सोडली ना. म्हनून ती पुढं हात घालतेय."

"आयस मरून तीस वर्सं झाली गो."

"मरली म्हनून काय झालं? सासू हाय ती. घरात एकीनं तरी मिश्री लावलेली तिला पायजेच." मग म्हणाली, "माजं खायाचं-प्यायाचं झालं. पोरीच्या पोटात जीव हाय."

राघो माळ्यावर चढला. तांब्या-घंगाळांमागून डबी काढली. नाही म्हणता आलं असतं. त्याने ती तिच्या हातात दिली.

ठमाबाईने कल्याणहून तंबाखूची पानं आणवली आणि गॅसवर तवा ठेवून भाजली. घर धुराने भरलं. दिपेश तिच्यावर इतका ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला वर आले. कृतिका ओरडली नाही. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझ्या बाळासाठी तरी?"

ठमाबाई गॅलरीतून बाहेर बघत हिरड्यांवर बोट फिरवत राहिली. तिने सुनेला काही सांगितलं नाही. राघोलाही सांगू दिलं नाही. "गरवारशीला असलं कायबाय सांगू नये," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून कृतिका सासूशी कामापुरतंच बोलू लागली. महिन्याभरात कृतिकाची थुंकी स्वच्छ आली. रक्तदाब उतरला. देवयानी डॉक्टरांना त्याचं कारण सापडलं नाही. ठमाबाईच्या थुंकीत पुन्हा तंबाखू आली, तिचं कारण मात्र उघड होतं.

"आजी, आमच्या सगळ्या बायकांत मिश्री सोडणाऱ्या तुम्ही पहिल्या होतात हो," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ठमाबाईने त्यांचाच हात थोपटला.

जूनमध्ये कृतिकाला मुलगी झाली. निरोगी, गुटगुटीत, रडायला पक्की. ठमाबाईने तिला मांडीवर घेतलं, पण पापा घेतला नाही. तोंड फिरवून धरलं. तोवर तिच्या गालाच्या आत जखम झाली होती.

इतक्या झपाट्याने हे होत नाही, असं मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला. किरणं झाली. आधी तीन बोटं जायची त्या तोंडात दोन जाईनात, मग एकही धड जाईना. ठमाबाई नळीने दूध-पेज घ्यायची आणि खुणांनी बोलायची. कृतिका आता रजा काढून तिचं सगळं करायची. रागही होताच. एकदा अंग पुसता पुसता रडत म्हणाली, "का केलंत असं, आई? का?"

ठमाबाईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

मार्गशीर्षात तिचा हात उचलेनासा झाला. एका दुपारी कृतिका बाळाला घेऊन लशीच्या डोसाला गेली होती, दिपेश कामावर होता. ठमाबाईने डोळ्यांनी राघोला उशीखालची डबी दाखवली.

राघोला कळलं. त्याने मान हलवली. नाही.

तिने पाळण्याकडे पाहिलं.

तो पुन्हा नाही म्हणाला. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं.

त्याने डबी उघडली. चिमूट बोटावर घेतली. तिच्या उरलेल्या हिरडीवरून बोट फिरवलं. तिला झोंबलं, सगळं अंग ताठलं, पण तिने तोंड मिटलं नाही.

मग रोज दुपारी कृतिका बाळाला घेऊन आत निजली की तो तिच्या समोर बसायचा. कोणी बघितलं असतं तर नवरा बायकोला घास भरवतोय असं वाटलं असतं.

भोगीच्या दिवशी ती गेली.

दिवस झाले. पाहुणे गेले. राघोने डबी नदीत टाकायची ठरवली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. तो चप्पल घालत होता तेव्हा आतून कृतिकाची हाक आली.

"बाबा, जरा बघता का? हिच्या हिरडीला काय लागलंय?"

पोरीला अजून दात यायचे होते. ती राघोकडे बघून बोळक्या तोंडाने हसली.

वरच्या हिरडीवर काळी रेघ होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

"काजल असंल," राघो म्हणाला. त्याने धोतराच्या सोग्याने रेघ पुसली. मग नदीकडे न जाता स्वयंपाकघरात गेला आणि तवा काढला.

त्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टर पुन्हा आले. राघो बायकांच्या रांगेत उभा राहिला. बायका हसल्या, पण त्याने जागा सोडली नाही. आपला नंबर आल्यावर तो खुर्चीत बसला आणि त्याने तोंड उघडलं. देवयानी डॉक्टरांनी टॉर्च लावला, त्याच्या काळ्या हिरड्या बघितल्या आणि हात खाली घेतला.

"राघोदादा, तुम्ही? आजींचं एवढं बघितल्यावर? नात कशी आहे?"

"झ्याक हाय. दात आलेत. पांढरेशुभ्र."

विनिताने सगळ्या बायकांना विचारायची तो प्रश्न त्यालाही विचारला. "पहिल्यांदा मिश्री कोणी लावली?"

"आयशीनं."

"म्हणजे लहानपणी?"

"नाय," राघो म्हणाला. "औंदा. भोगीनंतर."

ठमाबाई गेली २०२५ च्या जानेवारीत, भोगीला, दुपारी. राघोची आई १९९३ साली शिमग्यात वारली.