घट्ट झाकण

"बाटलीत विष आहे," प्रयोगशाळेतून फोन आला आणि हवालदाराने लगेच बेड्या बाहेर काढल्या.

"थांबा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "कोणाला घालताय?"

"मुलीलाच की. म्हातारीजवळ दुसरं होतं कोण?"

मुलगी समोरच बसली होती. चाळिशी उलटलेली, आईचं करता करता लग्नाचं राहून गेलेली. सगळे तिला ताई म्हणत. परवा संध्याकाळी तिची आई तडफडून गेली होती आणि तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, "मी नाही हो काही केलं." रडून रडून आवाज पार बसला होता. पाठचा भाऊ तिच्या शेजारीच उभा होता. बहिणीच्या पाठीवरून एकदा हात फिरवावा एवढंही त्याला सुचलं नव्हतं, हे बाईंनी पाहून ठेवलं.

"टॉनिक मीच आणायचो, आमच्या कारखान्यातून," भाऊ म्हणाला. "तिथल्या सीलिंग मशीनवर असतो मी. सील शाबूत होतं ना? मग आतलं औषध चोख होतं. जे झालं ते सील फुटल्यावर झालं. आता पुढचं माझ्या तोंडून कशाला वदवता?"

वदवायचं काही शिल्लकच नव्हतं. सगळं बोलून तो मोकळा झाला होता.

बाईंनी शेजारणीला बोलावलं.

"सील तुमच्यासमोर फोडलं?"

"हो तर. आजींची बोटं आखडलेली, तरी टॉनिकचं झाकण त्या स्वतःच उघडायच्या. कोणी मदतीला गेलं की वस्सकन अंगावर यायच्या. त्या दिवशी मात्र झाकण हलेचना. मग मुलाला फोन लावला. स्पीकरवर होता, मीही ऐकलं. म्हणाला, ‘ताईकडून उघडून घे.’"

"मग?"

"ताईने सगळा जोर लावला तेव्हा कुठे उघडलं. खालची चंदेरी पन्नी तिने नखाने सोलून काढली. आजी मला म्हणाल्या, ‘टांग गं गॅलरीत.’ मी ती ताईच्या हातातून घेतली, दोऱ्यात ओवली आणि घरी पळाले. गॅसवर दूध ठेवलं होतं."

"पन्नी धुतली?"

"एरवी आजी धुवायच्या. मी कशाला धुतेय?"

"औषध चमच्यात ओतताना पाहिलं?"

"नाही. तेव्हा मी नव्हते."

"आणि हे घर कोणाच्या नावावर आहे?"

"आजींच्या. मागे दोघा भावंडांना निम्मंनिम्मं."

हवालदाराने पुन्हा बेड्यांकडे हात नेला. बाई गॅलरीत गेल्या.

तिथे कुंड्यांत टोमॅटोची रोपं होती. पाखरांनी टोचू नयेत म्हणून म्हातारीने दोऱ्याला जुन्या बाटल्यांच्या पन्नीच्या चकत्या बांधल्या होत्या. सगळ्या लख्ख होत्या. टोकाची चकती तेवढी खालच्या बाजूने चिकट होती आणि तिला मुंग्या डकलेल्या होत्या. बाईंनी वाकून पाहिलं. सगळ्या मेलेल्या. त्यांनी ती चकती सोडवून पाकिटात घातली.

मग त्या स्वयंपाकघरात आल्या. खोक्यात टॉनिकच्या न फोडलेल्या बाटल्या होत्या. एकीचं झाकण त्यांनी दोन बोटांनी फिरवलं. लगेच सुटलं. दुसरीचंही तसंच. तिसरीचंही.

"पन्नी तपासायला पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि बेड्या खिशात ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या. आई जाऊन तीन दिवस होतात न होतात तोच मुलगा कामावर हजर होता. विचारायला कोणीतरी आलं म्हटल्यावर गडी खुलला.

"झाकण न काढता आतली पन्नी चिकटते कशी?" बाईंनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. झाकण आधी घट्ट लावायचं. मग बाटली पट्ट्यावरून या डोक्याखाली येते. आत तारेचं वेटोळं आहे. त्यात वीज खेळते तेव्हा झाकणाचं प्लास्टिक गारच राहतं, आतली ॲल्युमिनियमची पन्नी तेवढी तापते. तिच्या खालचा थर वितळून बाटलीच्या काठाला चिकटतो. पन्नीच्या वर मेण असतं, त्याच्या वर पुठ्ठा. मेण वितळून पुठ्ठ्यात मुरतं, पुठ्ठा झाकणात राहतो, पन्नी बाटलीवर."

"मेण मुरल्यावर झाकण सैल पडत असेल."

"पडतंच. ते पुन्हा आवळायला पुढे मशीन आहे, पण ते केव्हाचं बंद पडलंय. गिऱ्हाइकं बोंब मारतात, मॅनेजर ढिम्म."

"म्हणजे सगळा माल सैल झाकणांचा?"

"झाडून सगळा."

कोपऱ्यात इस्त्रीएवढं एक यंत्र होतं. "आणि हे?"

"हातातलं मशीन. नमुन्याच्या बाटल्यांना. जरा जास्त वेळ धरलं की पन्नी करपते. माझ्याशिवाय इथे कोणाला जमत नाही."

हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

संध्याकाळी प्रयोगशाळेचा दुसरा फोन आला. बाईंनी सगळ्यांना ताईच्या घरी बसवलं.

"विष पन्नीच्या खालच्या बाजूला सापडलं," त्या म्हणाल्या. "ताईने ते सील फोडल्यावर घातलं असतं तर पन्नीला नुसतं औषधच लागलेलं असतं. कारण पन्नी बाटलीवरून निघाली ती थेट शेजारणीच्या हातात आणि तिथून गॅलरीत. औषध तिला लागलं ते त्याआधी, बाटली बंद असताना हिंदकळून. म्हणजे विष सीलच्या आत होतं."

"मग कारखान्यातला कोणीही असेल," भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कारखान्यातली प्रत्येक बाटली सैल झाकणाची. ही एकटी घट्ट. ही पट्ट्यावरून आलीच नाही. तू भरलेली बाटली उचललीस, विष घातलंस, झाकण लावून हातातल्या मशीनने सील केलंस आणि मग झाकण हाताने आवळलंस. ते मशीन तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही. तूच सांगितलंस."

"पण बाई," हवालदार म्हणाला, "आवळलं कशाला? सैल ठेवलं असतं तर आपल्याला पत्ताही लागला नसता."

"सैल असतं तर आईने स्वतः उघडलं असतं. मग ताईचा हात मधे कसा येणार? आईचा जीव घेणाऱ्या मुलीला घरात वाटा मिळत नाही, सगळं घर याचं. आईची बोटं किती जोर लावू शकतात हे याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यापेक्षा थोडं जास्त आवळलं आणि फोनची वाट बघत बसला. ‘ताईकडून उघडून घे.’"

बेड्या अखेर पडल्या. भावाने ना आईचं नाव काढलं, ना बहिणीकडे पाहिलं.

"मॅनेजरला किती वेळा सांगितलं, ते मशीन दुरुस्त करून घ्या," तो पुटपुटला. "सगळीच झाकणं घट्ट असती."

त्याला घेऊन गेले. बाई ताईसमोर बसल्या. "सुटलात तुम्ही," त्या म्हणाल्या.

ताई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"जन्मभर आईने कौतुक केलं ते धाकट्याचं," ती म्हणाली. "माझ्या वाट्याला कधी चांगला शब्द आला नाही. त्या दिवशी मी झाकण उघडलं, तर माझा हात हातात घेतला तिने. म्हणाली, ‘बघा, माझ्या लेकीच्या हातात किती जोर आहे.’"

ताईने मूठ मिटली, पुन्हा उघडली.

"मला इतका आनंद झाला हो, की तो चमचा मी तिच्या हातात दिलाच नाही. माझ्या हाताने भरवला."