बांधाखालचे तीन ठोके

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी साडेबाराची आहे आणि शंभर टक्के खरी आहे. ज्याला थापा वाटतात त्याने खुशाल वाचू नये, माझं काही अडत नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. बाळापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर एका गावाचा लहानसा तलाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लोक आजही तेच पाणी वापरतात.

बहात्तरच्या दुष्काळानंतर बांधलेला तलाव. मातीच्या बांधाच्या पोटातून सिमेंटचा पाईप आरपार गेलेला. तलावाच्या बाजूला त्याला लोखंडी दार. बांधावरचं चाक फिरवलं की लांब दांड्याने ते दार उघडायचं आणि पाणी शेतांकडे निघायचं. पण पाईपाचे सांधे पार गेले होते. पाणी झिरपून बांधच खचेल अशी वेळ आली होती.

दुरुस्तीला गेले आमच्या गल्लीतले शफीकभाई. पंचवीस वर्षं पाईपांतच गेलेला माणूस. सोबत त्यांचा मेहुणा नईम. वर चाकापाशी बसला गावातला गोवर्धन. त्याची वांगी, मिरची सगळी याच पाण्यावर.

या कामाची एक रीत असते. पाईपात हाक मारली की आवाज नुसता घुमतो, शब्द कळत नाही. म्हणून हातोडीचे ठोके. बाहेरच्याने जितके दिले, तितके आतल्याने परत द्यायचे. म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.

एक किंवा दोन. तीन कधीच नाही.

तीन म्हणजे सगळे बाहेर आले, दार उघड. ते ठोके पाईपातून आणि दाराच्या दांड्यातून वर गोवर्धनला ऐकू जाणार होते.

शफीकभाई कमरेला दोर बांधून शेताकडच्या तोंडातून आत शिरले. दोराचं टोक नईमच्या हातात. अडीच फुटांचा पाईप. कोपरांवर सरपटत जायचं, वळायला जागा नाही. ऐंशी फूट आत जाऊन ते सांधे भरू लागले.

मागून नईमचा ठोका आला. एक. त्यांनी एक दिला.

थोड्या वेळाने दोन. त्यांनी दोन दिले.

मग पुन्हा एक ठोका आला...

समोरून.

समोर कोण असणार? वीस फुटांवर बंद दार, आणि दारापलीकडे तलाव! आवाज घुमला असेल, असं म्हणत त्यांनी सवयीने एक दिला.

सांध्यांतून टपटप पाणी गळत होतं...

ते थांबलं.

एकही थेंब नाही. बाहेर नईम खोकत होता, तेही ऐकू येईना.

आणि मग दोन ठोके. समोरूनच. या वेळी जवळून.

शफीकभाईंनी कपाळावरची बॅटरी वर केली. ओला पाईप. त्यापुढे दाराचा गंजका पत्रा. बस. तोवर हाताने दोन ठोके परत देऊनही टाकले होते.

मग तीन आले.

ठण... ठण... ठण...

अगदी हातोडीपाशी.

आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने हाताने तीन परत दिले.

तिसरा पडला तेव्हा कुठे डोकं चाललं. हे काय करून बसलो!

वर चाक करकरलं.

"या अल्लाह!" त्यांनी वेड्यासारखे दोराला झटके दिले. आधी बोटांना गार पाणी लागलं. मग छातीला. मग तोंडातच शिरलं. घरी बायकोला, नसीमबानोला आता कोण सांगणार, एवढंच मनात आलं.

नईमने दगडाला पाय लावून दोर ओढला, ओढला, ओढतच राहिला. शफीकभाई पायांकडून बाहेर आले. कोपरं सोलून निघालेली, पण जीव होता.

गोवर्धन धावत खाली आला. रडायलाच लागला. "भाऊ, तुमी आतच होते तं तीन ठोके काहून देले?"

"म्या तं परत देले," शफीकभाई कसेबसे म्हणाले. "पयले तीन कोनं देले?"

"पयले कोनते? मले तं एकदाच तीन ऐकू आले!"

म्हणजे आत जे काही होतं, त्याचे ठोके वर पोचतच नव्हते. त्याला जित्या माणसाचा हात पाहिजे होता.

परतताना नईम हळूच म्हणाला, "दुल्हेभाई, अंदर और कोई था क्या? दोर दोन माणसांइतका जड होता. पाईपाच्या तोंडाशी आलात, अन् एकदम हलका झाला."

शफीकभाई पुन्हा तिकडे गेले नाहीत. राहिलेलं काम दुसऱ्या लोकांनी आठ दिवसांत उरकलं. समोरून एक ठोका नाही, काही नाही. सगळे म्हणाले, बघा, भास होता!

मीही हेच सांगायला त्यांच्याकडे गेलो. वाटलं, बिचाऱ्याला बरं वाटेल.

शफीकभाईंचा चेहरा पांढरा पडला. घराच्या दाराकडे एकदा बघून ते हळू आवाजात म्हणाले,

"तो आवाज अजून तिथंच असता ना भाऊ, तं मले झोप तरी लागली असती."