काळ्या वाशांचं घर

शिडीवर चढून कुणीतरी आत्याच्या घराचा दर्शनी वासा खरवडत होतं. गाडीतून उतरता उतरताच दंतवैद्य ओरडला, "अहो! काय चाललंय काय?"

"कीड बघतेय," वरून उत्तर आलं. पाठोपाठ लाकडाचा ढलपा त्याच्या खांद्यावर पडला आणि एक हसरा चेहरा खाली वाकला. "सॉरी हं... तुम्ही भाचे ना?"

ती आर्किटेक्ट होती. आत्याने परस्पर बोलावलेली. उतरत्या टोकदार छपराचं, विटांच्या उंच धुराड्यांचं, पांढऱ्या भिंतींवर काळे वासे आडवेतिडवे बसवलेलं ते घर आता पडणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याला लहानाचं मोठं केलेली आत्या तिथे एकटी राहत होती. तिला आपल्या फ्लॅटवर न्यायला तो आला होता. आत्या म्हणाली, "आधी या पोरीला घर तपासू दे. मग बघू."

"किडलाय ना?" त्याने खालून विचारलं.

"पार भुगा झालाय."

"बघा! मी सांगत होतो."

"पण घर त्यावर उभंच नाहीये. या शोभेच्या फळ्या आहेत, मागे विटांची भिंत आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणालातरी आपलं घर चारशे वर्षांचं दिसायला हवं होतं."

त्याने खांद्यावरचा ढलपा उचलून पाहिला. "म्हणजे हे दात नाहीत. कवळी आहे."

ती इतकी हसली की शिडी डगमगली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली... आणि डगमगणं थांबल्यावरही धरूनच ठेवली.

आतल्या भिंती तपासायच्या राहिल्या होत्या. दुपारी दवाखाना बंद करून तो तिच्या मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला येऊ लागला. शिशाच्या पट्ट्यांत जडवलेल्या काचांतून ऊन जमिनीवर चौकटी आखायचं. दिवाणखान्यातल्या शेकोटीला खोल कोनाडा होता, त्यात समोरासमोर दोन बाकं. इतकी जवळ, की बसलं की गुडघे लागायचे.

"बांधणारा चुकला वाटतं," तो एकदा म्हणाला.

"अजिबात नाही," ती म्हणाली, आणि पाय तिथेच राहू दिले.

एका संध्याकाळी तिने त्याच बाकावर बसून सांगितलं, "घर भक्कम आहे. फळ्या तेवढ्या बदला. आत्यांना कुठे जायला नको."

त्याचा जीव भांड्यात पडला. पण मग चेहरा उतरला.

"काय झालं?"

"म्हणजे... तुमचं काम संपलं."

ती टेप गुंडाळत राहिली. "तुम्ही रोज का येत होतात?"

"आत्याच्या काळजीने."

"खरं सांगा."

"पहिल्या दिवशी काळजीनेच. नंतर –" त्याने टेपचं सुटं टोक धरलं. "नंतर तुमच्यासाठी."

शेकोटीत लाकूड तडकलं. ती हळूच म्हणाली, "माझं मोजून कधीच झालं होतं. आत्यांना तेव्हाच सांगितलं. त्या म्हणाल्या, सावकाश मोज... भाचा जरा मंद आहे."

"आत्या!" तो ओरडला.

"मी काही ऐकत नाहीये!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

दोघं हसत सुटले. हसू ओसरलं तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता.

"तुम्ही –" त्याने सुरुवात केली.

"तू म्हण ना..."

"तू," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला आठवेना, आणि तिलाही ते ऐकायची घाई नव्हती.